घरी केचप करायचाय? मग टोमॅटो चिरायच्या आधी हे वाचा

घरी केचप करणं एकदम सोपं आहे असं सगळेच सांगतात. टोमॅटो उकडा, मिक्सरमधून काढा, साखर-मीठ-व्हिनेगर घालून आटवा, झालं. मीही असंच ऐकून पहिल्यांदा केला होता, आणि जे झालं ते केचप कमी आणि गोड सूप जास्त, म्हणजे बशीत घातलं की कडेने पाणी वेगळं पळायचं आणि मधे लाल चोथ्याचा ढीग बसून राहायचा. तरी बाटलीत भरून ठेवला. आठ-नऊ दिवसांनी झाकण उघडलं तर फुस्स असा आवाज आला, वर बारीक बारीक बुडबुडे आणि वास ताडीसारखा. सगळा ओतून दिला. तीन किलो टोमॅटो, अख्खी दुपार आणि ओट्यावरचे लाल शिंतोडे पुसण्यात गेलेली संध्याकाळ.

तेव्हापासून मी हे जरा नीट समजून घ्यायला लागले, आणि गंमत म्हणजे रेसिपीपेक्षा केचपचा इतिहास वाचून जास्त कळलं. कारण माझं जे झालं ना, नेमकं तेच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या कारखान्यांचं होत होतं, आणि त्यांनी त्यावर जो तोडगा काढला तोच आपल्या गॅसवर पण चालतो. म्हणून आधी थोडा इतिहास सांगते, ज्याला घाई आहे त्याने सरळ प्रमाणावर उडी मारली तरी चालेल, पण मग व्हिनेगर कमी का करायचं नाही हे मला विचारू नका.

टोमॅटो तर फार उशिरा आला

केचप या शब्दाचा टोमॅटोशी मुळात काही संबंधच नाही. बहुतेक अभ्यासक हा शब्द दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरच्या होक्किएन भाषेपर्यंत नेऊन भिडवतात, तिथे के-चियाप म्हणजे मासळी मिठात मुरवून निघालेलं खारं पाणी, आज आपण फिश सॉस म्हणतो त्यातलाच प्रकार. पातळ, तपकिरी, उग्र वासाचं. व्यापाराबरोबर ते आग्नेय आशियात पसरलं आणि शब्दही पसरला, इंडोनेशियात अजूनही केचाप म्हटलं की सोया सॉसच हातात मिळतो, टोमॅटोचा हवा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं.

इंग्रज व्यापाऱ्यांना सतराव्या शतकाच्या शेवटी शेवटी याची चव लागली. १७११ साली चार्ल्स लॉकियर नावाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की सोया जपानहून पिंपात येतो आणि सगळ्यात चांगला केचप टोंकिनहून, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममधून. आता हे इंग्लंडपर्यंत आणायचं म्हणजे महाग प्रकरण, मग तिथल्या बायकांनी घरच्या घरी नक्कल सुरू केली. १७२७ मध्ये लंडनला छापलेल्या एलायझा स्मिथच्या पाककृतींच्या पुस्तकात इंग्लिश केचप आहे, त्यात अँकोव्ही नावाचे छोटे खारे मासे, छोटे कांदे, व्हिनेगर, पांढरी वाईन, आलं, लवंग, जायपत्री, मिरी, जायफळ, लिंबाची साल असं सगळं आहे आणि टोमॅटोचा पत्ता नाही. पुढे मशरूमचा केचप, अक्रोडाचा केचप, कालवांचा केचप असे काय काय प्रकार झाले. १७४७ च्या हॅना ग्लासच्या पुस्तकात तर वीस वर्षं टिकणारा केचप आहे, जहाजांच्या कप्तानांसाठी!

हे वीस वर्षं वाचूनच माझी ट्यूब पेटली. केचप ही मुळात एखाद्या भाजीची किंवा फळाची रेसिपी नाहीच, ती टिकवायची पद्धत आहे. मीठ, आंबट, मसाला आणि आत एक खोल चविष्ट रस, मग तो मासळीतून काढा, मशरूममधून काढा नाहीतर टोमॅटोतून. आणि हे तिन्ही निवडले गेले ते उगीच नाही. तिघांतही ग्लुटामेट नावाचा घटक भरपूर असतो, त्याच्यामुळे जी खोल, मुरलेली चव येते तिला १९०८ मध्ये जपानचे रसायनतज्ज्ञ किकुनाए इकेदांनी उमामी असं नाव दिलं. म्हणजे मासा गेला पण माशाचं काम टोमॅटोने हाती घेतलं.

टोमॅटोच्या केचपची पहिली छापील कृती १८१२ ची, फिलाडेल्फियाच्या जेम्स मीज या डॉक्टरांची. ते टोमॅटोला लव्ह ॲपल म्हणत. त्यात मसाला होता, ब्रँडी होती, पण साखर नाही आणि व्हिनेगरही नाही. चव कशी असेल कोण जाणे, पण पुढे टोमॅटोचा केचप लोकप्रिय झाल्यावर कारखानदारांची पंचाईत सुरू झाली. टोमॅटोचा हंगाम छोटा, गर साठवायचा, तो आंबायचा, बुरशी यायची. मग त्यावर उपाय काय, तर कोळशाच्या डांबरापासून काढलेला लाल रंग आणि सोडियम बेन्झोएटसारखी रसायनं. टोमॅटो कच्चे, सालपटं, उरलंसुरलं, काहीही चालून जायचं कारण रंग आणि रसायन सगळं झाकत होतं.

अमेरिकन सरकारचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यांनी या रसायनांविरुद्ध मोहीम उघडली. १९०२ मध्ये त्यांनी तरुण स्वयंसेवकांना रोजच्या जेवणातून मोजून मोजून अशी रसायनं देऊन परिणाम बघितले (लोक त्या टोळीला पॉयझन स्क्वॉड म्हणायचे, आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही), आणि १९०६ मध्ये अन्न-औषध शुद्धतेचा कायदा झाला. बाकीचे कारखानदार ओरडत होते की बेन्झोएटशिवाय केचप टिकूच शकत नाही. हेन्री हेन्झच्या कंपनीने, जी १८७६ पासून पिट्सबर्गमध्ये टोमॅटो केचप विकत होती, उलट करून दाखवलं. चांगले पूर्ण पिकलेले टोमॅटो घेतले, व्हिनेगर आणि साखर बरीच वाढवली, स्वच्छता कडक केली. आर्विल आणि कॅथरीन बिटिंग या संशोधक जोडप्याने सरकारसाठी केचप का नासतो यावर प्रयोग केले, १९०९ मध्ये त्याचा अहवाल निघाला, त्यांचाही निष्कर्ष तोच. आज आपल्याला केचपची जी चव खरी वाटते, ती घट्ट, गोड आणि आंबट चव, ती खरं तर प्रिझर्वेटिव्ह काढून टाकण्याच्या नादात जन्माला आलेली आहे.

आता माझा फुस्स झालेला केचप आठवा. टोमॅटो अर्धवट पिकलेले, व्हिनेगर दोन चमचे. व्हायचं तेच झालं.

प्रमाण

तीन किलो टोमॅटोसाठी देते, यापेक्षा जास्त एकावेळी करू नका, आटायला इतका वेळ लागतो की रंग काळपट व्हायला लागतो.

पूर्ण पिकलेले, लालबुंद, पण कुठेही न सडलेले टोमॅटो ३ किलो. मांसल जात असेल तर उत्तम, लांबट टोमॅटोत गर जास्त आणि पाणी कमी असतं. एक मध्यम कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या. साखर १५० ग्रॅम, मीठ २० ग्रॅम, ५ टक्के ॲसिडचं व्हिनेगर १५० मिली. मसाल्यात बोटाच्या दोन पेरांएवढी दालचिनी, सहा लवंगा, दहाएक मिरी, जायपत्रीचा छोटा तुकडा. तिखटपूड अर्धा ते एक चमचा, तिखटासाठी कमी आणि रंगासाठी जास्त असा विचार करून घाला.

यातून साधारण ९०० ग्रॅम केचप होतो. हो, तीन किलोचा एवढाच. टोमॅटोत जवळजवळ ९५ टक्के पाणी असतं, ते सगळं आपल्याला हवेत सोडायचंय. हिशोब हवा असेल तर असा: गाळल्यावर अडीच किलो रस मिळतो, त्यात ५ टक्के धरले तर सव्वाशे ग्रॅम घन पदार्थ, त्यात १५० साखर आणि २० मीठ, झाले २९५. नऊशे ग्रॅममध्ये २९५ म्हणजे ३३ टक्क्यांच्या आसपास, आणि अमेरिकेत ए ग्रेड केचपला किमान ३३ टक्केच घन पदार्थ लागतात. म्हणजे आपला घरचा त्या पंक्तीत बसतो.

व्हिनेगरच्या बाटलीवर टक्के वाचा. ४ टक्क्यांचं असेल तर १९० मिली घ्या. साखर थोडी कमी केलीत तर चालेल, फक्त मग तो फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवायचा. व्हिनेगर मात्र कमी करायचं नाही. टोमॅटोचा आंबटपणा जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे बदलतो, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट) ४.२ पासून ४.९ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जंतू वाढू नयेत म्हणून तो ४.६ च्या खाली असावाच लागतो. व्हिनेगर घातलं की आपण आरामात खाली येतो.

चिरून ठेवू नका, ही एक गोष्ट लक्षात ठेवा

कडेने पाणी सुटतं त्याचं मुख्य कारण हे आहे आणि ते रेसिपीत कोणी लिहीत नाही. टोमॅटोत पेक्टिन असतं, जॅम ज्याच्यामुळे धरतो तेच. केचपचा घट्टपणा बराचसा त्याच्यावर उभा आहे. पण टोमॅटोतच अशी एन्झाइम्स पण असतात की जी पेक्टिन तोडतात, आणि टोमॅटो चिरला किंवा कुस्करला की ती लगेच कामाला लागतात. म्हणजे तुम्ही निवांत सगळे टोमॅटो चिरून, मिक्सरमधून काढून, मग फोन आला म्हणून अर्धा तास बोलून गॅस पेटवलात की घट्टपणाचा सामान आधीच फुकट गेलेला असतो. मी पहिल्यांदा तर रात्रीच रस काढून ठेवला होता, सकाळी वेळ वाचेल म्हणून! कारखान्यात यासाठी टोमॅटो चिरडल्या चिरडल्या ९० अंशांच्या आसपास तापवतात, त्याला हॉट ब्रेक म्हणतात.

घरी असं करायचं. मोठं पसरट स्टीलचं पातेलं घ्या, तोंड जितकं रुंद तितकं लवकर आटतं. रिकाम्या पातेल्याचं वजन करून कुठेतरी लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. टोमॅटो धुऊन देठाकडचा कडक भाग काढा. पहिले फक्त चार-पाच टोमॅटो चिरून पातेल्यात टाका, मोठ्या आचेवर डावाने चेपा आणि रटरट उकळू द्या. उकळी आली की पुढचे टोमॅटो चिरत चिरत थेट त्या उकळत्या रसात सोडत जा, उकळी मोडणार नाही इतक्या बेताने. सगळे पडले की कांदा, लसूण घाला आणि झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या, सालं सुटून गुंडाळ्या झालेल्या दिसतील.

सालं आधी काढू नका बरं का. रंग आणि पेक्टिन दोन्ही सालीजवळ असतं, ते उकळताना रसात उतरायला हवं. पातेलं लोखंडाचं, तांब्यापितळेचं, साध्या ॲल्युमिनियमचं नको, आंबट रस धातूला लागतो.

मग गाळणं. हे कंटाळवाणं काम आहे पण मिक्सरने उरकायचा मोह टाळा, मिक्सरमध्ये बिया भरडल्या जातात, चव किंचित कडवट होते आणि हवा मिसळून रंग गुलाबी-फिका दिसायला लागतो. स्टीलच्या मोठ्या चाळणीवर डावाने घासून घासून गर खाली काढा, चाळणीच्या पाठीला जो घट्ट गर चिकटतो ना तो चमच्याने खरवडून घ्या, सगळ्यात चांगला माल तोच असतो. वर फक्त कोरडी सालं आणि बिया उरल्या पाहिजेत, बोटांनी दाबून बघा, ओलं लागलं तर अजून गर निघेल.

मसाला रसात नाही, व्हिनेगरमध्ये

बरेच जण मसाल्याची पुरचुंडी बांधून रसात टाकतात, चालतं. पण मला ही पद्धत जास्त आवडते: मसाले व्हिनेगरमध्ये घालून एक उकळी आणायची, गॅस बंद, झाकण ठेवून वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि गाळून ठेवायचं. मसाल्याचा वास दोन तास उकळून उडून जात नाही आणि केचपमध्ये काड्या-कुडे येत नाहीत. ठसका लागतो, खिडकी उघडी ठेवा.

लवंगांची टोकाची गोल बोंडं काढून टाका. हे मला आधी उगीच सोपस्कार वाटायचे, पण केचपच्या बाटलीच्या गळ्याशी कधी काळपट कडं आलेलं बघितलंय? लवंगेसारख्या मसाल्यातलं टॅनिन, झाकणातून किंवा भांड्यातून उतरलेलं लोह आणि वरची हवा एकत्र आली की तो काळा रंग येतो. नासलेलं नसतं ते, पण बघून कोणी खात नाही.

आटवणं

गाळलेला रस परत पातेल्यात, साखरेतली साधारण एक तृतीयांश आत्ताच घाला आणि मोठ्या आचेवर ठेवा. थोडी साखर सुरुवातीला घातली की लाल रंग चांगला धरतो असा जुना अनुभव आहे, सगळी घातली तर मात्र इतका वेळ उकळून रंग तपकिरी होतो. पहिला पाऊण तास फार लक्ष द्यावं लागत नाही, अधूनमधून ढवळलं की झालं. पातेल्यासकट वजन करून बघा, रस सव्वा किलोवर आला की मोठी आच संपली. इथून मंद आच, उरलेली साखर आणि तिखटपूड घाला आणि आता हलायचं नाही, कारण या टप्प्यावर रस खदखदत नाही, फदफदतो, एकेक बुडबुडा फुटतो आणि तोफेसारखा उडतो. लांब दांड्याचा कलथा, बाह्यांचा शर्ट आणि पातेल्यावर तिरकी ठेवलेली जाळी. बुडाला लागू देऊ नका, एकदा करपला की तो वास कशानेही जात नाही, करपलंच तर खरवडू नका, वरचा वरचा दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

वजन साडेसातशेच्या आसपास आलं की मीठ घाला (मीठ आधीपासून घातलं तर रंग उतरतो), आणि मसाल्याचं व्हिनेगर ओता. थोडं पातळ होईल, घाबरू नका. अजून पाच-सात मिनिटं उकळून परत नऊशेच्या जवळ थांबायचं. व्हिनेगर शेवटी घालायचं कारण उघड आहे, आधी घातलं तर दोन तासांत आंबटपणा वाफेबरोबर निघून जातो आणि टिकाऊपणाही जातो.

झाला की नाही हे कसं ओळखायचं? वजनावर भरवसा नसेल तर बशी फ्रीजमध्ये गार करा, त्यावर चमचाभर केचप टाका आणि दोन मिनिटं थांबा. कडेने पाण्याचं कडं आलं नाही, बशी तिरकी केल्यावर तो आळसटासारखा हळू सरकला, की गॅस बंद. गरम असताना हवाय तेवढा घट्ट दिसला तर समजा जास्त आटला, गार झाल्यावर अजून घट्ट होतो. तसं झालं तर उकळतं पाणी थोडंसं घालून परत एक उकळी द्या, गार पाणी घालू नका.

बाटलीत भरताना

काचेच्या बरण्या किंवा बाटल्या धुऊन पाण्यात दहा मिनिटं उकळा, झाकणं नवी आणि बिनगंजाची. बरणी गरम, केचप उकळता, दोन्ही एकाच वेळी, गार बरणीत उकळता केचप म्हणजे तडा. वर एक सेंटिमीटर जागा सोडा, तोंड स्वच्छ पुसून झाकण लावा. महिन्याभरात संपणार असेल तर एवढंच, गार झाला की फ्रीजमध्ये. बाहेर कपाटात ठेवायचा असेल तर घट्ट सीलच्या झाकणाच्या अर्ध्या लिटरपर्यंतच्या बरण्या खोल पातेल्यात, खाली फडकं घालून, वर बोटभर पाणी राहील अशा बुडवून १५ मिनिटं उकळा. उंच डोंगराळ ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे जास्त वेळ द्यावा लागतो. अशी सीलबंद बरणी अंधाऱ्या थंड जागी वर्षभर चांगली राहते. एकदा उघडली की फ्रीज आणि महिन्यात फस्त. ओला चमचा घालू नका हे सांगायलाच नको, तरी सांगते, कारण घालणारे घालतातच.

झाकण फुगलं, फुस्स झालं, बुडबुडे आले किंवा पांढरं-हिरवं काही उगवलं तर वरचं काढून खालचं खाऊ नका, सगळा टाका. जीव कळवळतो, माहितीये मला.

विकतचा घेताना लेबल

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून पहिलं नाव बघा. पाणी आणि साखर टोमॅटोच्या आधी असतील तर तुम्ही कशाचे पैसे देताय ते कळेलच. आयएनएस हे अन्नात घातलेल्या अशा पदार्थांचे ठरलेले आकडे, त्यात २११ म्हणजे तेच ते बेन्झोएट, २६० म्हणजे ॲसेटिक ॲसिड आणि ४१५ म्हणजे झँथन गम, हा घट्टपणासाठी आणि पाणी सुटू नये म्हणून. साखर सहसा शंभर ग्रॅमला वीस-पंचवीस ग्रॅम असते, म्हणजे मोठा एक चमचा केचप घेतला की जवळजवळ छोटा चमचा साखर पोटात. आपल्या घरच्या प्रमाणातही, टोमॅटोची स्वतःची साखर धरली तर तेवढीच होते, उगाच घरचा म्हणून हेल्दी समजून ओतू नका. फरक एवढाच की काय घातलंय ते आपल्याला ठाऊक असतं.

बाटलीतून येत नाही तेव्हा

काचेच्या बाटलीची बूड बडवणं हा सगळ्यात वाईट उपाय, एकतर काहीच येत नाही नाहीतर एकदम बदाबदा येतो. केचप स्थिर असताना जवळजवळ घनासारखा वागतो आणि जोर लागला, ढवळला की एकदम पातळ होतो, पेंटसारखा. म्हणून झाकण घट्ट लावून आधी चांगला हलवा, बाटली उलटी करून हाताने खाली एक झटका द्या म्हणजे माल गळ्याशी येतो, मग झाकण काढून तिरकी धरा आणि गळ्यावर दोन बोटांनी टिचक्या मारा. हेन्झची बाटली असेल तर गळ्यावर ५७ आकडा कोरलेला असतो, तिथे मारायची. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे केचप ताशी साधारण ४५ मीटर वेगापेक्षा जास्त वेगाने वाहिला तर ती बॅच बाद. उलट्या उभ्या राहणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या त्यांनी २००२ मध्ये आणल्या, तोपर्यंत लोक शंभर वर्षं बडवतच होते.

कपड्यावर सांडला तर चोळू नका, सुरीच्या बोथट बाजूने वरचा उचला, कापड उलटं करून मागच्या बाजूने गार पाण्याची धार सोडा, मग डिटर्जंट लावून थोडा वेळ ठेवून धुवा. फिकट केशरी डाग उरतोच, तो ओल्या कपड्यासकट कडक उन्हात टाका, टोमॅटोचा लाल रंग, म्हणजे लायकोपिन, उन्हाने उडतो. आणि संपत आलेल्या बाटलीतला तळाचा केचप काळवंडलेल्या तांब्याला चोळून दहा मिनिटं ठेवला की भांडं लख्ख, मीठ आणि ॲसिड मिळून वरचा थर विरघळवतात. नंतर साबणाने नीट धुवा.

एकदा टोमॅटोशिवाय करून बघा

फिलिपिन्समध्ये केळ्याचा केचप घराघरात असतो, मारिया ओरोसा या अन्नतज्ज्ञ बाईंनी टोमॅटोची टंचाई म्हणून १९३० च्या दशकात तो काढला. पण मला करायचा होता तो इंग्लंडमधला जुना मशरूमचा, आणि तो टोमॅटोच्या मानाने लेकुरवाळ्या बाईलाही जमेल इतका सोपा आहे.

एक किलो साधे बटण मशरूम, ओल्या फडक्याने पुसलेले, हाताने बारीक कुस्करा आणि ५० ग्रॅम मीठ लावून झाकून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी ते निम्मे झालेले असतात आणि खाली काळा रस साठलेला असतो. तसंच सगळं पातेल्यात घालून, थोडी जायपत्री, मिरी, दोन लवंगा आणि पाव कप व्हिनेगर घालून वीस मिनिटं मंद शिजवा, फडक्यातून गच्च पिळा. रस परत थोडा आटवा. शाईसारखा काळा आणि पाण्यासारखा पातळ, एवढंच हाती लागतं, छोटी बाटलीभर. हा फ्रीजमध्येच ठेवायचा, दोन आठवड्यांत संपवायचा, आणि कुठल्याही रश्शात किंवा सूपमध्ये चमचाभर पुरतो, त्यात मीठ मात्र नंतर चाखून घाला.

चव घेतली तर डोळे मिटून कोणी फिश सॉसच म्हणेल. मी बाटलीवर मोठ्या अक्षरात केचप असंच लिहिलंय. घरातल्यांना अजून ते मान्य नाही.